अनुदानाचे कागद कमी कसे करायचे: मंजुरी आदेशापासून यूसीपर्यंत, पायरी पायरीने

दरवर्षी मे उजाडला की मला फोन सुरू होतात, ताई यूसी परत आलं, हप्ता अडकलाय, काहीतरी करा. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, अनुदान ठरलेल्या कामावर खर्च झालं हे सांगणारं. मी फाईल मागवते. यूसीतली बेरीज बरोबर असते, सीएची सही असते, शिक्का असतो, आणि चूक सापडते ती मागच्या जुलैमधल्या एखाद्या व्हाउचरवर. तेव्हा कोणीतरी लॅपटॉपचं बिल 'किरकोळ खर्च' मध्ये टाकलेलं असतं नाहीतर कार्यकर्त्याला दिलेला अ‍ॅडव्हान्स सरळ खर्च म्हणून दाखवलेला असतो, आणि आता दहा महिन्यांनी ते सगळं उकरून काढायचं म्हणजे पंधरा दिवस ऑफिस बंद ठेवल्यासारखंच.

हा लेख तालुक्या-जिल्ह्याच्या संस्थांसाठी आहे, जिथे केंद्राच्या एखाद्या मंत्रालयाचं अनुदान येतं, अकाउंटंट एकच असतो आणि तोही बऱ्याचदा अर्धवेळ. राज्याचं अनुदान असेल तर नमुने बदलतात पण कामाचा क्रम हाच ठेवा. फॉर्म किती भरायचे हे सरकार ठरवतं, त्यात आपलं काही चालत नाही. पण एकच माहिती तिमाही अहवालासाठी वेगळी, ऑडिटसाठी वेगळी, यूसीसाठी वेगळी, धर्मादाय आयुक्तांसाठी वेगळी अशी पुन्हापुन्हा जुळवत बसायची की एकदाच नीट लिहून सगळीकडे उतरवायची, हे मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. सगळा व्याप त्या पुन्हापुन्हा जुळवण्यात जातो.

१. पैसे यायच्या आधी: संस्थेचं नाव सगळीकडे एकच करा

हे काम कोणाला महत्त्वाचं वाटत नाही आणि इथेच पहिले दोन महिने जातात.

आपल्याकडे बहुतेक संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. प्रमाणपत्रावर नाव मराठीत, पॅनवर रोमन लिपीत, बँकेत ज्या क्लार्कने खातं उघडलं त्याच्या मनाने. 'बहुउद्देशीय' हा शब्द रोमन अक्षरांत एक यू की दोन, एक डी की दोन, शेवटी आय की वाय, किती तऱ्हांनी लिहितात ते मोजूच नका. माणसाला ते एकच नाव दिसतं, पोर्टलला दिसत नाही. पीएफएमएसवर (सरकारी अनुदानाचे पैसे ज्यातून सुटतात ते केंद्राचं पोर्टल) बँक खातं पडताळणीत अडकलं की मंत्रालयातून पैसे सुटतच नाहीत आणि आपण इकडे 'फाईल टेबलावर पडून आहे' असं समजत बसतो.

एक कागद घ्या. सहा रकाने करा: सोसायटी नोंदणी, धर्मादायची नोंदणी, पॅन, बँक, नीती आयोगाचं एनजीओ दर्पण (संस्थांच्या नोंदणीचं पोर्टल), पीएफएमएस. प्रत्येकात नाव जसं आहे तसं अक्षर न अक्षर उतरवा, सोबत पत्ता, अध्यक्ष-सचिवांची नावं, मोबाईल आणि ईमेल.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पॅन, मग बँक, मग दर्पण, शेवटी पीएफएमएस. उलटं केलंत तर पॅन बदलल्यावर बाकी सगळं परत करावं लागतं, आणि हे मी होताना पाहिलंय, एका संस्थेने आधी दर्पणवर नाव बदललं आणि मग कळलं की पॅनवरचं स्पेलिंगच चुकीचं होतं.

आयएफएससी कोडही बघून घ्या. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये गेली, सिंडिकेट १ एप्रिल २०२० ला कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन त्याच दिवशी युनियन बँकेत. संस्थेच्या लेटरहेडवर आणि जुन्या प्रस्तावांत अजून जुने कोड छापलेले सापडतात, आणि नवा प्रस्ताव करताना कोणीतरी तेच कॉपी करतो.

विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज बदलाच्या तारखेपासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. अध्यक्ष वारले, सचिव बदलले, मीटिंगच्या वहीत ठराव आहे, पण शेड्युल एकच्या (धर्मादायच्या नोंदवहीतल्या) उताऱ्यावर अजून जुनीच नावं. मग मंत्रालय विचारतं, सही करणारे हे कोण? त्याचं उत्तर द्यायला तुमच्याकडे मंजूर बदल अर्ज नाहीतर निदान दाखल केल्याची पोच तरी हवी.

> तपासा: सहाही रकान्यांत नाव, सही करणारे आणि मोबाईल नंबर जुळतात का? मोबाईल संस्थेच्या नावावरचा आहे की सोडून गेलेल्या कोऑर्डिनेटरचा? ओटीपी त्याच्याकडे जात असेल तर तुमचं पोर्टल त्याच्याच हातात आहे.

२. मंजुरी आदेश वाचा आणि एका पानावर आणा

सँक्शन लेटर आलं की पेढे वाटतात, फोटो काढतात आणि पत्र फाईलला लावून टाकतात. अटी कोणी वाचत नाही. मी म्हणते, खर्चाचा पहिला रुपया करायच्या आधी त्या पत्राचं एक पान तयार करा आणि अकाउंटंटच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवा. त्यात एवढं पाहिजे:

- आदेश क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, आत्ता सुटलेला हप्ता
- अनुदान आवर्ती (दरवर्षी येणारं) आहे की अनावर्ती (एकदाच मिळणारं)
- कोणत्या शीर्षाखाली किती. आदेशात ३१, ३५, ३६ असे आकडे दिसतील. ३१ म्हणजे सर्वसाधारण, ३५ म्हणजे भांडवली मालमत्ता, ३६ म्हणजे पगार
- खर्च कोणत्या तारखेपर्यंत करता येतो
- अहवाल कोणते, केव्हा, कोणाला
- व्याज, खरेदी आणि शीर्ष बदल याबद्दलच्या अटी

शीर्षांचा मुद्दा जरा सांगते, कारण सगळ्यात जास्त यूसी इथे परत येतात. तिन्ही रकमा एकाच खात्यात येतात म्हणून आपल्याला वाटतं पैसा एकच. पगाराचे ४० हजार उरले, प्रोजेक्टर हवाय, घेऊन टाका. पण जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए या नमुन्यात, म्हणजे केंद्राच्या यूसीत, सर्वसाधारण, पगार आणि भांडवली मालमत्ता यांचा खर्च वेगवेगळा दाखवायचा असतो. पगारातून घेतलेला प्रोजेक्टर तिथे लपत नाही. शीर्ष बदलायचं असेल तर आधी लेखी परवानगी मागा, ती आली की मगच खर्च. नंतर मागितलेली परवानगी मिळेलच असं धरून चालू नका.

एखादी अट समजली नाही तर पहिल्या पंधरा दिवसांतच ईमेल करून विचारा. फोनवर 'चालतंय हो, करा' असं सांगणारे साहेब पुढच्या वर्षी बदलून गेलेले असतात. फोन झालाच तर त्याच दिवशी एक ओळ पाठवा, 'आज आपल्याशी बोलणं झाल्याप्रमाणे आम्ही अमुक करत आहोत', एवढंसं, पण ऑडिटच्या वेळी उपयोगी पडतं.

३. खातं, टॅली, पीएफएमएस: मांडणी एकदाच

अनुदानाचं बँक खातं वेगळं ठेवा. अट नसली तरी ठेवा. संस्थेच्या मुख्य खात्यात देणग्या, फी, अनुदान सगळं मिसळलं की त्यातलं अनुदानाचं व्याज किती हे सांगायला कुठलाच हिशेब पुरत नाही.

काही योजनांत आता पैसा खात्यात येऊन पडत नाही. शून्य शिलकीचं खातं असतं आणि तुम्हाला फक्त खर्चाची मर्यादा दिलेली असते, पेमेंट केलं की वरच्या खात्यातून तेवढेच पैसे येतात. तुमची योजना तशी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, 'खात्यात आणून ठेवू, बघू नंतर' हे चालत नाही, खर्चाचं वेळापत्रक आधीच हातात पाहिजे.

टॅलीमध्ये (हिशेबाचं सॉफ्टवेअर) प्रत्येक अनुदानाला वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे हिशेबाचा वेगळा कप्पा करा आणि लेजरची, म्हणजे खर्चाच्या खात्यांची नावं मंजूर अंदाजपत्रकातल्या ओळींसारखीच ठेवा, शब्दशः. अंदाजपत्रकात 'प्रशिक्षणार्थी भोजन' असेल तर लेजरही 'प्रशिक्षणार्थी भोजन'च, 'जेवणखर्च' नको, 'चहापान व इतर' तर मुळीच नको. या एका गोष्टीने वर्षाअखेरचं निम्मं काम संपतं कारण टॅलीचा रिपोर्ट काढला की तोच अहवालाचा तक्ता होतो. व्याजाला वेगळं लेजर, अ‍ॅडव्हान्सला प्रत्येक माणसाच्या नावाने वेगळं लेजर.

पीएफएमएसवर एक जण नोंद करणारा आणि दुसरा मंजूर करणारा असे दोन यूजर लागतात. अकाउंटंट दोन्ही लॉगिन स्वतःकडे ठेवतो आणि सचिवांना काही माहीतच नसतं, असं ठेवू नका. पेमेंटला डिजिटल सही लागत असेल तर तिची मुदत कधी संपते ती तारीख भिंतीवरच्या त्याच पानावर लिहा. मुदत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संपली तर वर्षाचा खर्च तिथेच थांबतो.

> सावधान: अनुदान सुरू झाल्यावर मधेच लेजरची नावं बदलू नका. बदलायचीच असतील तर १ एप्रिलला.

४. व्हाउचर: सगळा खेळ इथेच

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

क्रम असा हवा: गरज किंवा ठराव, कोटेशन, तुलनात्मक तक्ता, ऑर्डर, माल आल्याचं चलन, स्टॉक रजिस्टरला नोंद, बिल, मग पेमेंट. प्रत्येक कागदाची तारीख आधीच्या कागदाच्या नंतरची किंवा फारतर त्याच दिवशीची. ऑडिटर फाईल उघडतो तेव्हा आकडे नंतर बघतो, आधी तारखा बघतो. बिल १२ तारखेचं आणि कोटेशन १५ चं असेल तर पुढे तुम्ही काहीही सांगा, त्याच्या मनात एकच गोष्ट बसते की कोटेशन मागाहून गोळा केलं. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तसंच झालेलं असतं. म्हणून मागाहून कोटेशन जमवायच्या फंदात पडू नका, राहून गेलं असेल तर व्हाउचरवर तसं स्पष्ट लिहा, का राहिलं तेही लिहा आणि सचिवांची सही घ्या. खरी लिहिलेली त्रुटी एक शेरा मिळवून देते, बनवलेलं कोटेशन संस्थेचं नाव घालवतं.

किती रकमेपर्यंत कोटेशनशिवाय घेता येतं आणि कितीवर टेंडर लागतं या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून कोणाच्या जुन्या नोट्सवर जाऊ नका, तुमच्या मंजुरी आदेशाच्या तारखेला जो नियम लागू आहे त्याची प्रत फाईलच्या पहिल्या पानावर लावा.

मूळ बिलावर शिक्का मारा. दहा मिनिटांत बनतो, असा:

*अमुक योजना / आदेश क्र. / अंदाजपत्रकातली ओळ / रक्कम / व्हाउचर क्र. / दिनांक*

हा शिक्का एवढा महत्त्वाचा का, तर एकच बिल दोन अनुदानांना लागू नये म्हणून. जीएफआरच्या नियमांत संस्थेला सांगावं लागतं की याच कामासाठी दुसऱ्या मंत्रालयाकडून किंवा राज्याकडून पैसे घेतलेत का. मुद्दाम कोणी करत नसेलही, पण मी एका संस्थेत प्रत्यक्ष पाहिलंय, हॉलच्या भाड्याचं बिल केंद्राच्या फाईलला मूळ प्रत आणि सीएसआरच्या (कंपनीकडून मिळालेल्या सामाजिक निधीच्या) फाईलला झेरॉक्स, दोन वेगळ्या अकाउंटंटनी लावलेलं, दोघांना एकमेकांचं माहीत नाही. पैसे परत भरावे लागले आणि तीन मीटिंगा त्याच विषयावर झाल्या. मूळ बिलावर शिक्का असता तर दुसऱ्याला झेरॉक्स काढतानाच दिसलं असतं. खर्च खरोखर दोन्हीकडे वाटायचा असेल तर शिक्क्यात दोन्ही रकमा लिहा, आणि वाटणी कशावरून केली (दिवस, माणसं, चौरस फूट) ते एका ओळीत लिहा.

पेट्रोलपंप आणि हॉटेलची जी थर्मल कागदाची बिलं असतात ती सहा महिन्यांत कोरी होतात. आली त्या दिवशी झेरॉक्स, दोन्ही एकत्र स्टेपल. उन्हाळ्यात टेबलावर ठेवलेली बिलं तर महिन्यातच पुसट होतात.

स्कॅन करताना फाईलचं नाव व्हाउचर नंबरने द्या, आधी वर्ष मग नंबर मग ओळीचं नाव. 'स्कॅन००१', 'नवीन बिल', 'फायनल फायनल' अशा नावांत शोधाशोध करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्या वेळात सगळी बिलं पुन्हा स्कॅन होतात.

अ‍ॅडव्हान्स हा खर्च नाही. कार्यक्रमासाठी कार्यकर्त्याला २० हजार दिले, तो खर्च करून बिलं आणेपर्यंत ते त्याच्याकडे असलेले आपले पैसे आहेत. कार्यक्रम संपल्यावर सात दिवसांत हिशेब, उरलेली रक्कम परत खात्यात, आणि आधीचा हिशेब दिल्याशिवाय नवा अ‍ॅडव्हान्स नाही. नियम कडक वाटतो, गावात जाऊन काम करणाऱ्या पोराला ते टोचतं, पण मार्चमध्ये त्याच पोराच्या नावावर ६० हजार उघडे दिसले तर त्याला जास्त त्रास होतो.

> तपासा: कुठलंही एक व्हाउचर डोळे मिटून काढा. ते बघून, तुम्हाला न विचारता, नवीन माणूस सांगू शकतो का की पैसा कशासाठी, कोणत्या आदेशातून, कोणाच्या मंजुरीने गेला आणि वस्तू आत्ता कुठे आहे?

५. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन तास

मागच्या महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि टॅली यांचा ताळमेळ. उघड्या अ‍ॅडव्हान्सची यादी. अंदाजपत्रकातल्या प्रत्येक ओळीसमोर आतापर्यंतचा खर्च आणि शिल्लक. पीएफएमएसवर नोंदलेला खर्च आणि टॅलीतला खर्च सारखा आहे का. चार कागद, सचिवांची सही, एका फाईलला. बस.

तीन महिन्यांचे हे कागद एकत्र केले की तिमाही अहवालाचा पैशांचा भाग तयार होतो, वेगळं काही करायचं नाही.

कामाच्या आकड्यांचंही असंच करा, आणि हा भाग बहुतेक संस्था सोडून देतात. लाभार्थ्यांची एकच मुख्य यादी ठेवा, प्रत्येकाला क्रमांक द्या, आणि प्रत्येक हजेरीपटावर नावासोबत तो क्रमांक लिहा. नाहीतर काय होतं, ४० बायकांनी तीन प्रशिक्षणं घेतली, तर कोऑर्डिनेटर अहवालात लाभार्थी १२० लिहितो आणि अकाउंटंटच्या जेवणाच्या प्रत्येक बिलातून ४० निघतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात पण मंत्रालयात वाचणाऱ्याला ती लबाडी वाटते. 'व्यक्ती ४०, उपस्थिती १२०' असे दोन रकाने केले की प्रश्नच येत नाही. यूसीत उद्दिष्टं किती पूर्ण झाली हेही सांगायचं असतं, तेव्हा हीच यादी कामाला येते.

६. ३१ मार्चनंतर: यूसी शेवटी भरा

लोक यूसीचा फॉर्म उघडून बसतात आणि मग त्यात बसवायला आकडे शोधतात. उलटा रस्ता आहे हा. आधी पुढची पाच कामं, याच क्रमाने:

पहिलं, ३१ मार्चची बँक शिल्लक आणि हातातली रोख, दोन्हींचा लेखी पुरावा.

दुसरं, उघड्या अ‍ॅडव्हान्सची अंतिम यादी. यूसीत शिलकीचे दोन भाग वेगळे दाखवायचे असतात, बँक-रोख एक आणि न जुळवलेले अ‍ॅडव्हान्स दुसरा.

तिसरं, वर्षभराचं व्याज. केंद्राच्या अनुदानावरचं व्याज आपलं नसतं. जीएफआरच्या नियम २३० नुसार हिशेब अंतिम झाले की ते लगेच भारताच्या संचित निधीत भरायचं असतं आणि पुढच्या हप्त्यात वळतं करता येत नाही. भारतकोश पोर्टलवरून भरा, मंत्रालय आणि शीर्ष नीट निवडा, चलन जपून ठेवा. 'खर्च थोडा जास्त झालाय, व्याजातून भागवू' हे करू नका. अगदी अडीच हजार रुपयांचं व्याज असलं तरी भरा.

चौथं, मालमत्ता रजिस्टर. वस्तू, तारीख, बिल क्रमांक, किंमत, कुठे ठेवली. जीएफआर २२ हा नमुना वापरा. वस्तूवर रंगाने किंवा स्टिकरने नंबर टाका. अनुदानातून घेतलेली मालमत्ता मंजुरीशिवाय विकता येत नाही, दुसऱ्या कामाला वळवताही येत नाही, म्हणून ती दाखवता आली पाहिजे.

पाचवं, ऑडिट. त्याच आकड्यांवर सीएची सही.

आता फॉर्म. हिशेब साधा आहे: मागची शिल्लक, अधिक व्याज, वजा सरकारला परत भरलेलं व्याज, अधिक यावर्षी आलेलं अनुदान, म्हणजे एकूण हातात असलेली रक्कम. त्यातून खर्च वजा केला की शिल्लक. ही शिल्लक आणि पहिल्या दोन कामांतून आलेली बेरीज तंतोतंत जुळली पाहिजे, रुपयाचाही फरक असेल तर थांबा आणि शोधा, 'राउंड ऑफ' लिहून पुढे जाऊ नका.

इथल्या नेहमीच्या चुका:

अनुदान २८ मार्चला खात्यात आलं, खर्च शून्य, म्हणून त्या वर्षाचं यूसीच दिलं नाही. द्यायचं असतं. आलेली रक्कम दाखवा, खर्च शून्य, शिल्लक पूर्ण. पुढच्या वर्षी तीच आरंभीची शिल्लक होते. मधलं एक वर्ष गाळलंत की साखळी तुटते आणि तिथून पुढचं प्रत्येक यूसी परत येतं.

वर्ष चुकतं. प्रकल्प ऑगस्ट ते जुलै असतो म्हणून यूसीही तसंच करतात. यूसी आर्थिक वर्षाचं, एप्रिल ते मार्च.

दोन आदेशांची रक्कम एकत्र लिहितात. प्रत्येक आदेशाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम वेगळ्या ओळीत.

छापील नमुन्यातले न लागणारे शब्द खोडत नाहीत, 'आवर्ती / अनावर्ती' दोन्ही तसेच राहतात.

सीएच्या सहीवर यूडीआयएन नसतो. हा १८ अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्राला लागतो, १ फेब्रुवारी २०१९ पासून. सही केल्यापासून ६० दिवसांत तो काढावा लागतो, त्यामुळे जुनी सही आणि नवीन क्रमांक असं करायला सीएला सांगू नका.

मुदतीचं म्हणाल तर नियम २३८ मध्ये अनावर्ती अनुदानाचं यूसी आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचं आहे. पण आवर्ती अनुदान असेल तर १२ महिने थांबणं परवडत नाही, कारण मागच्या वर्षाचं यूसी आणि ऑडिट झालेले हिशेब दिल्याशिवाय पुढच्या वर्षाच्या मंजूर रकमेच्या ७५ टक्क्यांवर पैसे सुटत नाहीत. त्यात धर्मादायकडे ऑडिट केलेले हिशेब वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत जायलाच हवेत. म्हणून जूनअखेर सगळं तयार ठेवायचं असं मनाशी धरा, एकाच ऑडिटमध्ये दोन्ही होतं.

> सावधान: सीएला आकडे देऊन 'यूसी बनवून द्या' म्हणू नका. यूसी तुम्ही बनवायचं, त्याने तपासायचं. संस्थाप्रमुख आणि वित्त बघणारा या दोघांच्या सह्या असतात तिथे, जबाबदारी त्यांची आहे.

७. पाठवताना कमी पाठवा

घाबरून लोक ५०० पानांची फाईल पाठवतात, सगळ्या व्हाउचरच्या झेरॉक्स लावतात. मागितलं नसेल तर पाठवू नका. जास्तीच्या प्रत्येक पानावर एक प्रश्न येऊ शकतो आणि मुख्य कागद त्यात हरवतो. कव्हरिंग लेटर, यूसी, ऑडिट केलेले हिशेब, मालमत्ता यादी, व्याजाचं चलन, प्रगती अहवाल, वर अनुक्रमणिका आणि पानांना नंबर. मूळ व्हाउचर संस्थेतच राहतात, मंत्रालयाला आणि कॅगला ती तपासायचा अधिकार आहे, म्हणून मागतील तेव्हा तासाभरात काढता आली की झालं.

हाताने दिलं तर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. पोर्टलवर टाकलं तर पोचपावती त्याच दिवशी डाउनलोड करा, नंतर पोर्टलचं रूप बदलतं आणि जुन्या पोच सापडत नाहीत.

त्रुटी निघाली तर उत्तर तीन रकान्यांत द्या: त्यांचा मुद्दा त्यांच्याच शब्दांत, आपलं उत्तर, पान नंबर. लांब पत्र लिहू नका. आणि बदललेलं यूसी पाठवताना त्यावर 'सुधारित' लिहा, तारीख नवी टाका, आधीचं रद्द असं स्पष्ट म्हणा, नाहीतर एकाच वर्षाची दोन यूसी फाईलमध्ये फिरत राहतात.

८. ते अनुदान आहे की काम?

बऱ्याच संस्था सरकारी प्रशिक्षणाचं किंवा सर्व्हेचं वर्कऑर्डर घेतात आणि त्यालाही अनुदानच म्हणतात. हे आधी ठरवा. कामाचा मोबदला असेल तर तुम्ही तिथे ठेकेदार आहात, यूसी नाही, बिल द्यायचं, आणि जीएसटी लागतो का ते ऑर्डर घ्यायच्या आधी सीएला विचारायचं.

कराराची किंमत अडीच लाखांच्या वर असेल आणि कामावर जीएसटी लागत असेल तर सरकारी कार्यालय २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं. तो आपोआप तुमचा होत नाही, जीएसटी पोर्टलवर जाऊन टीडीएस क्रेडिट स्वीकारून रिटर्न भरलं की मगच कॅश लेजरला येतो. छोटे ठेकेदार हे करतच नाहीत, वर्षानुवर्षं पैसे तिथे लटकतात. आयकराचा टीडीएस वेगळा, तो आपल्या पॅनवर दिसतोय का ते दर तिमाहीला बघा.

बांधकामाचं काम असेल तर मेजरमेंट बुकात (झालेल्या कामाच्या मापांची वही) नोंद होताना स्वतः हजर राहा आणि झाकल्या जाणाऱ्या कामाचे, म्हणजे पाया, गज, पाइपलाइन यांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. एकदा काँक्रीट पडलं की माप कोणालाच सिद्ध करता येत नाही.

माल किंवा सेवा पुरवत असाल तर उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) ऑर्डर घ्यायच्या आधीची असू द्या. सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांपेक्षा लांबवता येत नाही आणि लांबलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण माल स्वीकारल्याची तारीख लेखी नसेल तर ४५ दिवस कुठून मोजायचे? चलनावर सही, नाव, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका.

९. अकाउंटंट सोडून जातोय तेव्हा

पंधरा दिवस आधी एक पान त्याच्याकडून लिहून घ्या: कोणतं अनुदान कुठल्या टप्प्यावर, कुठलं यूसी बाकी, कोणाच्या नावावर किती अ‍ॅडव्हान्स, पोर्टलची लॉगिन, डिजिटल सहीची पेनड्राइव्ह कुठे, टॅलीचा बॅकअप कुठे आणि कोणत्या तारखेचा. तो बॅकअप त्याच्यासमोर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मग पासवर्ड बदला, पीएफएमएसवर त्याचा यूजर बंद करा, नवीन माणसाचा सुरू करा, आणि त्या पानावर जाणारा, येणारा आणि सचिव अशा तिघांच्या सह्या घेऊन ते मंजुरी आदेशाच्या फाईलमध्येच लावा.